सबक पक्का झाला का?

नारायणगडावर मी पहिल्यांदा गेलो तो कुठल्या उत्सवासाठी नव्हे. बीडला काम होतं, ते लवकर संपलं आणि मित्र म्हणाला, "चल, धाकटी पंढरी दाखवतो." नगद नारायण महाराजांच्या समाधीला हात जोडून तो एका बाजूला बसला. ओसरीत चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा पखवाजावर एकच बोल पुन्हापुन्हा वाजवत होता. समोर बसलेले म्हातारे गृहस्थ दर वेळी मान हलवून "नाही" म्हणत. पोरगा न चिडता पुन्हा सुरू करी.

मला आमच्या गावचा मदरसा आठवला. तिथंही वर्ग असा नसायचा. वीस मुलं एका खोलीत बसलेली, पण प्रत्येकाचा सबक वेगळा. ज्याचा पक्का झाला तो पुढे गेला, ज्याचा राहिला त्याला उद्या तोच. उस्ताद मारायचे, हे लपवत नाही. शिवाय काय शिकायचं हे पोराला कुणी विचारत नसे. पण किती वेगानं शिकायचं ते मात्र पोरावर ठरे. आजच्या शाळेत नेमकं उलटं आहे. जून ते एप्रिल, सगळे एकाच धड्यावर. "विद्यार्थी केंद्रस्थानी" हे शब्द धोरणात आले म्हणून काही गाडी थांबत नाही.

नारायणगडाचीच गोष्ट घ्या. भगवानबाबा कोवळ्या वयात इथं आले, माणिकबाबांकडे राहिले, पुढे आळंदीला बंकटस्वामींकडे शिकले. बंकटस्वामी हे जोग महाराजांचे शिष्य. त्या जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. घर सोडून गुरूजवळ राहायचं आणि कीर्तनाला उभं राहण्याइतकं तयार व्हायचं, ही आपल्याकडची निवासी शिक्षणाची जुनी रीत. आपण इतिहास लिहिताना ती शाळांच्या यादीत धरत नाही. मदरसाही धरत नाही.

पण आता अवघड भाग. माझे नाना निजामाच्या राजवटीत शिकले. वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झालं आणि इंग्रजीऐवजी देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. मला त्याचा अभिमान आहे. मात्र मराठवाड्यातल्या कुणब्याच्या पोराला उर्दू ही इंग्रजीइतकीच परकी होती. नाना सांगत, शेजारच्या बाकावरचा पोरगा भूमितीत हुशार, त्रिकोण डोळे मिटून काढायचा, पण 'मुसल्लस' आणि 'जाविया' हे शब्द आले की घाबरून जायचा. नाना त्याला मधल्या सुट्टीत मराठीत समजावून सांगत. खरं तर नानांच्या घरी तरी पुस्तकातली उर्दू कुठे होती? घरात दखनी, बाजारात मराठी.

म्हणून हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा मला महत्त्वाची वाटते. १९२१ साली निघालेली, आताच्या धाराशिव जिल्ह्यातली. मुलं आणि शिक्षक एकत्र राहत, आणि शिकवणं मराठीत. कामगार चळवळीत ना. म. जोशींबरोबर काम केलेले व्यंकटेश खेडगीकर १९२९ मध्ये तिथं मुख्याध्यापक झाले. हेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ. १९३५ मध्ये ते अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला आले आणि बाबासाहेब परांजप्यांसारख्या सहकाऱ्यांसह योगेश्वरी विद्यालय उभं केलं. १९३८ मध्ये ते शाळा सोडून स्टेट काँग्रेसच्या लढ्यात उतरले. या शाळांमधून लढ्याला कार्यकर्ते मिळाले म्हणून आपण त्यांचं कौतुक करतो. मला त्याआधीची गोष्ट मोठी वाटते. पोराला त्याच्या भाषेत प्रश्न विचारता येऊ लागला. उर्दूवर प्रेम असलेला माणूस म्हणून हे लिहिताना मला जड जातं, पण ते खरं आहे.

तिकडे साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये वसतिगृह काढलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. मराठा, महार, मुसलमान, जैन पोरं एका पंगतीत. स्वयंपाक त्यांनीच करायचा, राबायचं त्यांनीच. चूल कुणी पेटवायची हे जातीवर ठरत नव्हतं. पुस्तकातला कुठला धडा हे शिकवू शकला असता?

आणि आज बीड? दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं कारखान्यांकडे निघतात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, पण ती मुख्यतः आठवीपर्यंतच्यांसाठी. नववी-दहावीचं पोरगं कायद्याच्या चौदा वर्षांच्या रेषेपलीकडे गेलेलं असतं. त्याच्या हातात कोयता येतो. मुलगी असेल तर तिला घरी कुणाच्या भरवशावर ठेवायचं म्हणून फडावर नेतात, नाहीतर लग्न उरकतात. ज्या वयासाठी हिप्परगा आणि सातारा उभे राहिले, तेच वय इथं मोकळं सुटलंय.

गडावरून निघताना मी त्या पखवाजवाल्या पोराला विचारलं, कितवीला?

"दहावीला."

आई-वडील?

"कारखान्याला गेलेत. पाडव्याच्या आसपास येतील."

म्हणजे बोर्डाची परीक्षा त्यांच्या येण्याआधीच. मी आणखी काही विचारणार होतो, तेवढ्यात म्हाताऱ्यांनी मांडीवर थाप मारली आणि तो पुन्हा पहिल्या बोलावर गेला.