३१ ऑगस्ट १९५२ : जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा रद्द
राजूर : ठरावीक जमातीत जन्मलात की नाव पोलिसांच्या वहीत, बोटांचे ठसे कागदावर आणि ठरल्या वेळी हजेरी. परगावी जायचे तर परवाना. गोऱ्या सरकारचा १८७१चा हा गुन्हेगार जमाती कायदा १९११मध्ये देशभर लागू झाला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे अशा जमातींसाठीच्या बंदिस्त वसाहतीत, पारधी, कैकाडी कुटुंबे तारेच्या कुंपणाआड राहिली. या शिक्क्याची सुरुवात कायद्याआधीची. राजूरजवळच्या देवगावचे राघोजी भांगरे इंग्रजांशी लढले; १८४८मध्ये ठाण्याला फासावर गेले. सरकारी दप्तराने अशा लढवय्यांना दरोडेखोरच म्हटले, पुढे तोच शिक्का अख्ख्या जमातींवर बसला. केवढा हा अन्याय! ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला. तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना मात्र काढायला सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी आदेश द्यावा लागला.