क्रिस्टल गेले, गोम राहिली
मंडळी, आरसी गाडीसाठी स्वस्तातला ट्रान्समीटर घ्यायचाय? मग आधी थोडा इतिहास. पूर्वी २७ मेगाहर्ट्झवर नेहमीचे चॅनल जेमतेम ६. चॅनल ठरायचा क्रिस्टलवर. दोघांकडे एकच क्रिस्टल निघाला की गाडी बिथरून थेट भिंतीत! म्हणून अँटेनाला चॅनलच्या रंगाची फीत बांधायचे.

२००० च्या दशकात २.४ गिगाहर्ट्झ आलं आणि ही कटकट संपली. ट्रान्समीटर-रिसीव्हर एकदा 'बाइंड' झाले की दुसऱ्याचं ऐकत नाहीत. पण गोम इथेच आहे. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. फ्लायस्कायच्या ट्रान्समीटरवर फुटाबाचा रिसीव्हर चालत नाही. म्हणून मी तरी आधी रिसीव्हरची किंमत बघतो. ट्रान्समीटर एकदाच घ्यायचा, रिसीव्हर मात्र दर गाडीला!