फेब्रुवारीची वही

१८९५ च्या फेब्रुवारीत, १४ आणि १५ तारखेला, अमेरिकेच्या टेक्सास राज्यातल्या गॅल्व्हेस्टन शहरात १५.४ इंच बर्फ पडला. म्हणजे ३९ सेंटिमीटर, चालताना नडगी बुडेल इतका.

हा आकडा वाचून काही वाटलं नाही, तर आधी गॅल्व्हेस्टन कुठे आहे ते बघा. मेक्सिकोच्या आखाताला लागून वाळूचं एक लांबट, सपाट बेट आहे. त्याच्या पूर्व टोकाला हे बंदर वसलंय. अक्षांश दिल्लीच्या जेमतेम वर. शहराची ओळख काय, तर कण्हेरीचं गाव! रस्तोरस्ती कण्हेर फुललेली. फेब्रुवारीत दिवसा १७-१८ अंश, रात्री १२-१३. पुण्यातल्या माणसाने एक स्वेटर घेऊन जावं आणि तोही बॅगेतच राहावा, असा हा महिना.

पण ही झाली सरासरी. आणि सरासरी हा फार गोड बोलणारा आकडा असतो.

दिल्ली आणि गॅल्व्हेस्टन साधारण एकाच अक्षांशावर असले, तरी दोघांमध्ये एक मोठा फरक आहे. दिल्लीच्या उत्तरेला हिमालय आहे. मध्य आशियातली गोठलेली हवा त्या भिंतीला अडते. उत्तर अमेरिकेतले मोठे डोंगर मात्र उत्तर-दक्षिण पसरलेत. कॅनडाच्या आर्क्टिक भागापासून आखातापर्यंत मधे आडवं असं काही नाहीच. सपाट मैदानांवरून ती जड, थंड हवा घरंगळत येते आणि काही तासांत पारा धाडकन खाली आणते. टेक्सासमध्ये या वाऱ्याला 'नॉर्दर' म्हणतात. बहुतेक वर्षी तो दोन दिवस हुडहुडी भरवतो आणि निघून जातो. एखाद्या वर्षी मात्र जात नाही.

१८९५ चा फेब्रुवारी तसा होता. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागा गोठल्या. त्याच हिवाळ्यात डिसेंबरअखेरीस त्यांना एक तडाखा बसला होता, त्यातून फुटलेली नवी पालवीही आता गेली. पुढच्याच आठवड्यात थंड हवा आणि आखातावरचं दमट वारं यांची गाठ पडली आणि किनाऱ्यावर बर्फ कोसळला. शेजारच्या ह्यूस्टनमध्ये तर २० इंच.

चारच वर्षांनी, १२ फेब्रुवारी १८९९ ला, गॅल्व्हेस्टनचा पारा ८ फॅरनहाइटवर आला. सेल्सिअसमध्ये उणे १३. खाडीच्या उथळ पाण्यावर बर्फ धरला. त्याच आठवड्यात मिसिसिपी नदीतून बर्फाचे तुकडे न्यू ऑर्लिन्सवरून वाहत थेट आखातात गेले.

या सगळ्याच्या नोंदी गॅल्व्हेस्टनच्या हवामान कार्यालयात रोज होत होत्या. १८८९ पासून तिथला प्रमुख होता आयझॅक क्लाइन. शिक्षणाने डॉक्टर, कामाने हवामानतज्ज्ञ, अत्यंत शिस्तीचा. रोज ठरलेल्या वेळी तापमान, वायुदाब, वारा, पाऊस बघायचा आणि तारेने वॉशिंग्टनला कळवायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर शहराची लॉग फाइल त्याच्या हातात होती.

त्याच क्लाइनने १८९१ साली स्थानिक वर्तमानपत्रात एक लेख लिहिला. याच किनाऱ्यावरचं इंडियानोला नावाचं बंदर १८७५ आणि १८८६ च्या वादळांनी उद्ध्वस्त केलं होतं, त्यामुळे गॅल्व्हेस्टनला समुद्राच्या बाजूने भिंत बांधावी अशी चर्चा अधूनमधून चालायची. क्लाइनचं मत होतं की भिंतीची गरज नाही. किनारा उथळ आहे, लाटांचा जोर अलीकडेच मोडेल, शहराला वादळापासून खरा धोका नाही.

८ सप्टेंबर १९०० ला ते वादळ आलं. बेटाची सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून ९ फूटसुद्धा नव्हती. पाणी १५ फुटांवर चढलं. ३८ हजार वस्तीच्या शहरात किमान सहा हजार माणसं गेली. क्लाइनचं घर कोसळलं, त्याची गरोदर बायको कोरा पाण्यात गेली. अमेरिकेच्या इतिहासात कुठल्याही नैसर्गिक आपत्तीत याहून जास्त माणसं मेलेली नाहीत.

यानंतर शहराने जे केलं ते थक्क करणारं आहे. १९०४ पर्यंत समुद्राकडे १७ फूट उंचीची काँक्रीटची भिंत उभी राहिली. मग जमीनच उचलायचं ठरलं. दोन हजारांहून जास्त इमारती जॅक लावून वर घेतल्या, त्यात चर्चसुद्धा, आणि खाली समुद्रतळातून उपसलेली वाळू भरली. हे काम १९११ पर्यंत चाललं. १९१५ साली पुन्हा तसंच मोठं वादळ आलं, तेव्हा भिंतीमागचं शहर वाचलं.

म्हणजे हे शहर शिकू शकतं. प्रश्न असा, की एकाच वहीतल्या दोन नोंदींपैकी ते एकच का शिकलं?

उत्तर सोपं आणि जरा क्रूर आहे. वादळाने प्रेतं मागे ठेवली. बर्फ वितळून गेला. १८९५ मध्ये गॅल्व्हेस्टनची घरं कोळशाच्या आणि लाकडाच्या शेगड्यांवर चालत होती. प्रत्येक घराची ऊब त्या घरातच तयार व्हायची. त्रास झाला, झाडं मेली, पण शहर ठप्प होऊन माणसं घरातल्या घरात गोठली नाहीत. त्यामुळे तो बर्फ नवलाई म्हणून लक्षात राहिला, इशारा म्हणून नाही. पुढच्या शंभर वर्षांत ऊब घरातून बाहेर गेली: वीजकेंद्रात, गॅसच्या विहिरीत, तारांमध्ये. आणि ही सगळी यंत्रणा बांधताना समोर होता तो सरासरी फेब्रुवारी.

फेब्रुवारी २०११ मध्ये टेक्सासची वीजकेंद्रं थंडीने बंद पडली. केंद्रीय चौकशी अहवालाने पाइप, व्हॉल्व्ह, उपकरणं थंडीपासून झाका असं सांगितलं. पण ती शिफारस होती, सक्ती नव्हती. सॉफ्टवेअरमध्ये अशा गोष्टींचं एक तिकीट बनतं, त्यावर 'लो प्रायॉरिटी' लिहिलं जातं आणि ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं.

१५ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे ते तिकीट उघडलं. अमेरिकी ग्रिड ६० हर्ट्झवर चालतं, जसं आपलं ५० वर. मागणी वाढून पुरवठा कमी पडला की जनित्रं मंदावतात आणि हा आकडा घसरतो. त्या रात्री तो ५९.४ च्या खाली गेला. तिथे नऊ मिनिटं राहिला असता, तर स्वतःला वाचवण्यासाठी वीजकेंद्रं आपोआप ग्रिडपासून तुटली असती आणि जवळजवळ सगळं राज्य कदाचित काही आठवडे अंधारात गेलं असतं. चार मिनिटं तेवीस सेकंद तो तिथे होता. ग्रिड वाचवायला वस्त्यांची वीज तोडावी लागली. त्यात गॅस पुरवणाऱ्या यंत्रणेचीही तुटली, कारण ती 'अत्यावश्यक' यादीत नोंदलेली नव्हती. गॅस नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून गॅस नाही.

पंचेचाळीस लाखांहून जास्त घरं आणि दुकानं अंधारात गेली. गॅल्व्हेस्टनच्या किनाऱ्यावर बर्फ होता आणि आत घरं गारठत होती. राज्याच्या आरोग्य विभागाने २४६ मृत्यू मोजले. बहुतेक माणसं थंडीने गेली. काहींनी ऊब मिळावी म्हणून घरात कोळसा पेटवला, बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवली आणि विषारी वायूने गेली. ह्यूस्टन परिसरात मराठी कुटुंबंही बरीच आहेत. तो आठवडा त्यांच्याही वाट्याला आला.

आणि गारठा किती होता? ह्यूस्टनच्या विमानतळावर उणे साडेदहा अंश. गॅल्व्हेस्टनला त्याहून कमी गारठा. म्हणजे १८९९ पेक्षा सौम्य. हवा तेव्हाइतकी वाईट नव्हती, तिच्यापुढे आपण मात्र जास्त उघडे होतो.

जून २०२१ मध्ये टेक्सासने वीजकेंद्रांना थंडीची तयारी सक्तीची करणारा कायदा केला. जानेवारी २०२५ मध्ये गॅल्व्हेस्टनच्या वाळूवर पुन्हा बर्फ पडला आणि या वेळी दिवे चालू राहिले. ही चांगलीच गोष्ट आहे. पण तो गारठा १८९९ चा नव्हता, २०२१ चाही नव्हता. उणे १३ हा आकडा त्या वहीत अजून आहे. १२ फेब्रुवारीच्या रकान्यात.