शिशाची गोळी आणि तिचा आवाज

आमच्या इतिहासग्रंथांत बंदुकीविषयीं जें लिहिलें गेलें आहे, तें बहुतेक तिच्या पल्ल्याविषयीं, किंमतीविषयीं, अथवा ती परदेशी कीं घरची याविषयीं आहे. तिच्या आवाजाकडे इतिहासकारांचें फारसें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. वास्तविक ज्या गांवाच्या शेजारीं बंदूक उडाली त्या गांवानें ती पाहिली नाहीं; ऐकली. पाहणारे थोडे, ऐकणारे पुष्कळ, अशी ही वस्तु आहे. आणि तिचा आवाज काढून घेतला तर तिचें काय उरतें, हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं.

हा विचार आमच्या मनांत धरमतरच्या खाडीच्या कांठीं आला. सह्याद्रींतून उतरलेली अंबा नदी नागोठण्यावरून येते, धरमतरपाशीं खाडी होऊन रुंदावते आणि रेवसच्या बाजूस समुद्रास मिळते. आमच्या वडिलांच्या पिढीस धरमतर ठाऊक होतें तें मुंबईच्या बोटीचा धक्का म्हणून. बोटींतून उतरावें, पडाव पाहावेत, आणि पेणकडे किंवा महाडकडे जाणारी मोटार गांठावी. आज त्या पाण्यांतून डोलवीच्या पोलादाच्या कारखान्याचे बार्ज कोळसा आणि लोहखनिज घेऊन येतात. पण या एकाच नदीच्या दोन टोंकांस शिवकालांतले दोन प्रसंग घडले आहेत, आणि ते दोन्ही बंदुकीच्या आवाजाचे आहेत, असें आम्ही म्हणूं.

पहिला उंबरखिंडीचा. १६६१ च्या फेब्रुवारींत कारतलबखान मोठी फौज घेऊन घाट उतरला तो अंबेच्या वरच्या खोऱ्यांतल्या दाट रानांत सांपडला. मराठे दोहों बाजूंस झाडींत दबून होते. त्या दिवशीं त्यांचें खरें शस्त्र प्रथम मौन हें होतें. फौज खिंडींत पुरती शिरेपर्यंत एक बार निघाला असता, तर सारा डाव फुकट जाता. मग बार निघाले, बाण व गोळ्या सुटल्या, आणि आपल्यावर किती लोक तुटून पडले आहेत हें त्या रानांत खानाच्या माणसांस डोळ्यांनीं कळेना. कळलें तें कानांनीं. डोंगरांत एका बाराचे चार ऐकूं येतात. मूठभरांचे शेंकडों भासविण्याचें काम त्या आवाजानें केलें असलें पाहिजे.

दुसरा प्रसंग नदीच्या मुखाकडचा. १६७९ सालीं मराठ्यांनीं खांदेरी बेटावर तट घालण्यास आरंभ केला, तेव्हां मुंबईकर इंग्रजांची झोंप उडाली. १८ ऑक्टोबर रोजीं दौलतखानाचीं गलबतें इंग्रजी जहाजांवर चालून आलीं; ‘डोव्ह’ नांवाचा गुराब मराठ्यांच्या हातीं लागला; परंतु ‘रिव्हेंज’ या एकट्या जहाजानें तोफांचा असा मारा केला कीं मराठी गलबतें हटून नागोठण्याच्या खाडीच्या तोंडापर्यंत आलीं. ही नागोठण्याची खाडी म्हणजेच आमची धरमतरची. दोन दिवसांनीं तीं गलबतें पुन्हां बाहेर पडलीं, आणि बेट अखेर मराठ्यांचेंच राहिलें, हें सांगून पुढें जातों.

या बंदुकांत जाणारी गोळी शिशाची. आतां गंमत अशी कीं आमचा सारा देश काळ्या पाषाणाचा. त्यांत शिशाची खाण नाहीं. दारूस लागणारा कोळसा घरचा, सोरा देशांतला. गंधक आणि शिसें मात्र समुद्रावरून यावयाचें. विलायतेहून येणाऱ्या जहाजांत बनातीच्या ठाणांबरोबर शिशाचे गट असत, आणि चौल, राजापूर, सुरत या बंदरांत तें उतरे. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकांत शिवाजी महाराजांनीं सुरतेच्या फ्रेंच वखारवाल्यांकडून ऐंशी तोफा आणि आपल्या बंदुकांस पुरेल इतकें शिसें घेतल्याची नोंद इंग्रजी इतिहासकारांनीं केली आहे. तोफांचा आंकडा सारे उद्धृत करतात. शिशाकडे कोणी पाहत नाहीं. तोफ एकदां घेतली कीं दोन पिढ्या टिकते. शिसें रोज खर्चतें. ज्याच्याकडून तें घ्यावयाचें त्याच्याशीं रोज गोड बोलावें लागतें. टोपीकरांस बंदरावर पक्की जागा देऊं नये म्हणून आज्ञापत्रकार अमात्यांनीं जी ताकीद दिली, ती वाचतांना आम्हांस ही अडचण नेहमीं आठवते.

शिशाचा गुण असा कीं तें अवघ्या ३२७ अंशांवर वितळतें. लोखंडास भट्टी, भाता व कसबी लोहार हवा. शिशास चूल आणि लोखंडी पळी पुरे. सांचा दाबावा, रस ओतावा, थंड होतांच शेंपूट कापून टाकावी, गोळी तयार. त्यामुळें गोळ्या ओतणें हें कारखान्याचें काम न राहतां शिपायाचें, शिकाऱ्याचें, फार काय घरच्या माणसाचें काम झालें. मात्र हा मऊपणाच पुढें भोंवला. बंदुकीच्या नळींत आट्या पडल्या, गोळीनें त्या आट्यांत घट्ट बसून फिरत निघावें अशी योजना झाली, आणि मऊ शिसें नळीस चिकटूं नये म्हणून त्यास वंगण हवें झालें. तें वंगण म्हणजे चरबी. १८५७ च्या जानेवारींत कलकत्त्याजवळ डमडम येथें एन्फिल्ड बंदुकीच्या काडतुसाविषयीं जी कुजबूज उठली, तिच्या मुळाशीं शिशाचा हा मऊपणा होता. गाईची कीं डुकराची, यावर पुष्कळ लिहिलें गेलें. गोळीस चरबी लागलीच कां, हें मात्र शाळेंत आम्हांस कोणी सांगितलें नाहीं!

पुढें बिनधुराची दारू निघाली, गोळीचा वेग दुप्पट झाला, आणि उघडें शिसें त्या वेगास टिकेना. म्हणून त्यावर तांब्याचा किंवा तत्सम धातूचा अंगरखा चढला. त्याच डमडमच्या कारखान्यांत कॅप्टन बर्टी-क्ले यानें त्या अंगरख्याचें टोंक उघडें ठेवून आंतलें शिसें अंगांत फुटावें अशी गोळी केली, आणि १८९९ च्या हेग परिषदेस तिच्याविरुद्ध ठराव करावा लागला. शिसें झांकलें तरी त्याचा पिच्छा सुटला नाहीं.

आतां आवाजाकडे वळूं. बंदुकीचा आवाज म्हणून जो आपण ऐकतों त्यांत मुख्यतः दोन निराळे आवाज असतात. एक नळीच्या तोंडाशीं कोंडलेला वायु एकदम सुटतो त्याचा धडाका. दुसरा, गोळी नादाच्या वेगापेक्षां, म्हणजे सेकंदास सुमारें ३४० मीटरांपेक्षां, अधिक वेगानें हवा चिरीत गेली तर होणारा कडाका. पहिल्यास आवर घालण्याचें साधन हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकनानें शोधलें व मार्च १९०९ मध्यें त्याचें पेटंट मिळविलें. बंदुकीच्या मुखाशीं एक नळकांडें, त्यांत पडद्यांच्या खोल्या. वायु खोल्याखोल्यांतून पसरत, थंडावत बाहेर पडतो, आणि धडाक्याचा फुसका उसासा होतो. मोटारीच्या सायलेन्सरचें तत्त्वही हेंच, म्हणून नांवही तेंच. या गृहस्थाचा बाप हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम. जगास पहिली खरीखुरी मशीनगन देणारा तोच, आणि तिच्या आवाजानें म्हातारपणीं ठार बहिरा झालेलाही तोच. बापानें जें केलें त्याचें प्रायश्चित्त मुलानें घेतलें असें म्हणण्याचा मोह होतो; पण मुलाचें साधनही निर्दोष राहिलें नाहीं.

दुसरा आवाज, गोळीचा कडाका, नळकांड्यानें जात नाहीं. तो घालवावयाचा तर गोळीच मंद हवी. येथें आमची जुनी शिशाची गोळी पुन्हां रंगभूमीवर येते. अंगरखा नसलेली ओतीव गोळी फार वेगानें सोडतांच येत नाहीं; ती स्वभावानेंच मंद व जड. म्हणून शतकभर अडगळींत पडलेल्या या गोळीचें आणि विसाव्या शतकाच्या मुस्कटदाबीचें उत्तम जमतें, असें कागदावर दिसतें. संसारांत मात्र कुरबूर आहेच. शिशाचे कण आणि जळालेलें वंगण त्या पडद्यांवर थरांवर थर बसतें, नळकांडें जड होतें, आंतून बुजत येतें. म्हणून अशा गोळीसाठीं पुरतें उघडून साफ करतां येईल असेंच नळकांडें लागतें. ती काजळीही शिशाची, म्हणजे पोटांत गेल्यास विषारी. ज्या चरबीनें १८५७ सालीं एक साम्राज्य हादरविलें, तिच्याच जातीचें वंगण आज या यंत्राच्या पोटांत काजळी होऊन बसतें, ही इतिहासाची मस्करी आम्हांस मोठी मौजेची वाटते.

मॅक्सिमला पेटंट मिळालें त्याच १९०९ सालीं, २१ डिसेंबरला, नाशिकच्या नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन याच्यावर ब्राउनिंग पिस्तूल झाडलें. भरलेलें नाट्यगृह, समोर सारे प्रतिष्ठित लोक. त्या कृत्याची योग्यायोग्यता हा या लेखाचा विषय नव्हे. पण तें लपवावयाचें नव्हतें, ऐकवावयाचें होतें, एवढें उघड आहे. आवाज हा त्या कृत्याचा अर्धा अर्थ होता. नळकांडें लावून तेंच कृत्य झालें असतें तर तें निराळें कृत्य झालें असतें.

आमच्या कायद्यासही हा भेद कळलेला आहे. १९५९ च्या शस्त्रकायद्यांत ‘अग्निशस्त्र’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तींत बंदुकीचा आवाज किंवा लखलखाट कमी करणारें उपकरणही घातलें आहे. तें एकटें गोळी सोडूं शकत नाहीं, एका मुंगीसही मारूं शकत नाहीं. तरी कायद्याच्या दृष्टीनें तें स्वतःच अग्निशस्त्र. कांहीं विद्वान मित्र यास हास्यास्पद म्हणतात. नॉर्वेसारख्या देशांत शिकाऱ्यानें असें नळकांडें लावणें हा शेजारधर्म समजतात; कानाचें रक्षण होतें, गुरें बुजत नाहींत. त्यांचें म्हणणें त्यांच्या देशांत खरें आहे, आणि बहिऱ्या झालेल्या थोरल्या मॅक्सिमची आठवण ठेवली तर तें हंसण्यावारी नेण्याजोगेंही नाहीं. आमच्याकडे मात्र निःशब्द बंदुकीचा पहिला लाभ शेजाऱ्यास न होतां रात्रीं रानांत शिरणाऱ्या चोरट्या शिकाऱ्यासच होईल, असें आम्हांस वाटतें. आणि त्या रानांत आतां भेकर व सांबर मोजकेंच उरलें आहे.

उलट कोंकणांतल्या शेतकऱ्यास आवाजच हवा असतो. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बाळगलेली त्याची ठासणीची बंदूक वर्षांतून कितीदां खरोखर गोळी टाकते, हें देव जाणे. डुकरास मारावयाचें तर वनखात्याची परवानगी हवी; नुसता बार काढावयास छर्रा लागत नाहीं, शिसें तर नाहींच. माळ्यावर बसावें, डबा वाजवावा, डबा ऐकेनासा झाला कीं एक कोरा बार हवेंत काढावा. डुकरें पळतात, आणि खाडीच्या दोन्ही कांठांवरचीं माणसें कुशीवर वळतात. सकाळीं पाणवठ्यावर कोणी तरी विचारतोच, “काय हो तात्या, रातचा बार तुमचाच ना? किती होतीं?”