मिलान परिषद

बधिरांच्या शिक्षणपद्धतीचा विचार करण्यासाठी इटलीतील मिलान येथे ६ ते ११ सप्टेंबर १८८० या काळात भरलेली आंतरराष्ट्रीय परिषद. बधिरांच्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार होण्यास तिचे ठराव मुख्यत्वे कारणीभूत ठरले.

अठराव्या शतकात बधिरांच्या शिक्षणाच्या दोन परंपरा निर्माण झाल्या. फ्रेंच धर्मगुरू आबे द लेपे (१७१२–८९) यांनी पॅरिसमधील बधिरांच्या प्रचलित खुणांत व्याकरणदर्शक खुणांची भर घालून त्यांच्याद्वारे लेखन-वाचन शिकविले. याउलट झाम्यूएल हाइनिके (१७२७–९०) यांनी लाइपसिक येथील शाळेत (स्थापना १७७८) उच्चारशिक्षणावर भर दिला. पॅरिसच्या शाळेतील बधिर शिक्षक लॉरां क्लेर यांच्या साहाय्याने टॉमस गॅलोडेट यांनी १८१७ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथे शाळा काढली. तेथे खुणांची परंपरा रुजली.

मिलान येथे इटालियन व फ्रेंच प्रतिनिधींचे बहुमत होते. बधिर प्रतिनिधी नगण्य होते. खुणांपेक्षा वाणी श्रेष्ठ असल्याने मौखिक पद्धतीस अग्रक्रम द्यावा, हा ठराव १६० विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. खुणा व वाणी यांच्या एकत्रित वापराने उच्चार, ओष्ठवाचन आणि विचारांची सुस्पष्टता यांची हानी होते, असे कारण देऊन दुसऱ्या ठरावाने शुद्ध मौखिक पद्धतीचा पुरस्कार केला. एडवर्ड गॅलोडेट प्रभृतींचा विरोध निष्फळ ठरला.

परिणामतः यूरोपातील अनेक शाळांत खुणांना बंदी झाली व बधिर शिक्षकांना अध्यापनाचे क्षेत्र जवळजवळ बंद झाले. भारतातही प्रदीर्घ काळ मौखिक पद्धतीचेच वर्चस्व राहिले. मात्र वर्गात निषिद्ध ठरलेली भाषा मुलांनी वसतिगृहांत व खेळाच्या मैदानांवर टिकवून धरली. ओष्ठवाचनात अनेक ध्वनी ओठांवर सारखेच दिसत असल्याने जन्मबधिर मुलांच्या वाट्याला पुष्कळदा अपुरी भाषा व तुटपुंजे ज्ञान येई.

विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये अमेरिकन खुणांच्या भाषेचे विश्लेषण करून हाताचा आकार, स्थान व हालचाल या घटकांतून तिची शब्दरचना होते, हे दाखविले. खुणा म्हणजे केवळ हावभाव होत, या समजुतीस त्यामुळे धक्का बसला. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांगविषयक करारात (२००६) खुणांच्या भाषांचा ‘भाषा’ या संज्ञेत समावेश करण्यात आला. व्हँकूव्हर येथील बधिरशिक्षणविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१० मध्ये मिलानचे ठराव फेटाळून त्यांच्या दुष्परिणामांबद्दल खेद व्यक्त केला. भारतात २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधन व प्रशिक्षणासाठी नवी दिल्ली येथे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले.

वाणीचे शिक्षण त्याज्य नव्हते. तथापि ते देण्यासाठी बधिरांची स्वतःची भाषा हिरावून घेणे आवश्यक मानले गेले आणि तो निर्णय बधिरांना डावलून झाला, हाच मिलान परिषदेचा मूलभूत दोष होय.