मेंढा (लेखा) : स्वामित्व आणि परवाना

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाची घोषणा सुविदित आहे : ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ वरवर पाहता ती विभक्ततेची वाटते. वस्तुतः तीत दोन सत्तांमधील कामांच्या वाटणीचा विचार आहे. ही वाटणी कोठे अडते, हे बांबूच्या प्रकरणावरून ध्यानात येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात केली आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. तथापि १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार बांबू हा वृक्षच होता. त्यामुळे वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हाती राहिला. माल ग्रामसभेचा, परंतु तो गावाबाहेर नेण्याची मुभा दुसऱ्याची, अशी विसंगती उत्पन्न झाली. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण ह्यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले, तेव्हा ती मिटली. २०१२ च्या सुधारित नियमांनी हीच व्यवस्था देशभर लागू केली. परवाना कोणी द्यावयाचा, हे ठरल्यावाचून स्वामित्व शब्दमात्रच राहते, हा ह्या इतिहासाचा निष्कर्ष होय.