भय आणि भ्याडपणा

मनाचे दुखणे हे दुखणेच नव्हे, ही समजूत जगात फार काळ नांदली. पहिल्या महायुद्धातील शिपायांनी तिची किंमत मोजली. खंदकांत तोफांच्या माऱ्याखाली दिवस काढलेल्यांची वाचा जाई, हातपाय कापत, झोप उडे. अंगावर मात्र जखम नसे. १९१५ साली डॉ. चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या विकाराला ‘शेल शॉक’ म्हटले. स्फोटाने मेंदू दुखावतो, असा प्रथम तर्क होता. पण स्फोटापासून दूर असलेल्यांनाही तो जडला, तेव्हा मूळ साचलेल्या भयात आहे, हे ध्यानी आले.

उपचार मात्र माणूस पाहून होत. लंडनमध्ये मुक्या झालेल्या शिपायांना विजेचे झटके देऊन बोलते केले गेले. एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्टमध्ये डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स सांगत : आठवणी दडपू नका, बोला. पण ते रुग्णालय अधिकाऱ्यांचे होते! पलायन, भ्याडपणा अशा आरोपांखाली गोळी घातलेल्या ३०६ शिपायांना ब्रिटिश पार्लमेंटने माफी दिली, ती २००६ साली. त्यांतील काहींना गोळीऐवजी ऐकून घेणारा एक कान हवा होता. भ्यालेल्या माणसाला भ्याड ठरविण्यापूर्वी समाजाने एवढे तरी स्मरावे.